बागेची विचारपूस : थंडीसाठी झाडं, झुडपं आणि गवतं

कोल्हापूरच्या थंडीत बर्फ पडत नाही आणि झाडं गारठून मरतही नाहीत. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ऊन तिरपं असतं, हवा कोरडी असते आणि रात्र लांब असते. याच तीन गोष्टींवर फुलणारी झाडं आपल्याकडे भरपूर आहेत. तरीही बहुतेक पत्रांत तक्रार एकच असते, ‘पावसाळ्यात बाग हिरवीगार, डिसेंबरात ओकीबोकी.’ कारण पुष्कळदा झाडाच्या निवडीत नसतं, चुकीच्या महिन्यात चाललेल्या कात्रीत असतं. गणपती गेले की फुलझाडांवरची कात्री ठेवून द्यावी, एवढा नियम पाळला तरी निम्मी पत्रं कमी होतील. उरलेल्यांची उत्तरं पुढे आहेत.

प्रश्न : घरापुढं साधारण २५ बाय १५ फुटांचं अंगण आहे, माती काळी आहे. एकच झाड लावायचंय आणि ते थंडीत फुललं पाहिजे. पांगारा लावू, कांचन लावू की गुलाबी टॅबेबुया? (राजारामपुरी)

कांचन लावा. पांगारा शेताच्या बांधावर शोभतो. त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि फांदी वाऱ्यानं मोडून पडते. शिवाय पानांवर आणि देठांवर गाठी करणारी बारीक गांधीलमाशी त्याच्या मागं लागली आहे. गाठाळलेले शेंडे कापून जाळत बसणं लहान अंगणात जमत नाही. गुलाबी टॅबेबुया रस्त्याच्या कडेचं झाड आहे. ते ४० फुटांवर सहज जातं आणि त्याचा खरा बहर फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणजे तुमची थंडी संपता संपता.

कांचनात मात्र तीन प्रकार आहेत आणि नर्सरीत त्यांच्या नावांचा गोंधळ असतो. एकाच झाडाला एक जण देवकांचन म्हणतो, दुसरा रक्तकांचन. म्हणून नावावर न जाता फूल बघा आणि त्यातले मोठे, परागकोश असलेले पुंकेसर मोजा. तीनच मोठे पुंकेसर आणि पाकळ्या अरुंद, एकमेकींपासून सुट्या असतील, तर तो सप्टेंबर ते डिसेंबर फुलणारा कांचन. पाच पुंकेसर आणि पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या असतील, तर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून फुलणारा. तिसरा आहे तो हाँगकाँगचा कांचन, बाऊहिनिया ब्लेकियाना. पहिल्या दोघांचा हा संकर. फूल तळहाताएवढं आणि गडद किरमिजी, बहर नोव्हेंबर ते मार्च. त्याला शेंगा धरत नाहीत, त्यामुळं अंगणात शेंगा फुटून बिया उडत नाहीत आणि झाडाखाली जागोजागी रोपंही उगवत नाहीत. तुमच्या अंगणासाठी आमची पसंती याला आहे.

बी नसल्यामुळं याचं रोप कलमाचं किंवा गुटीचंच (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं) असणार. कुणी ‘बियांपासून केलंय’ म्हणालं तर ते दुसरं काहीतरी आहे. कलमाचं रोप घेतलंत तर जोड जमिनीच्या वर ३-४ इंच राहू द्या. जोडाखालून येणारे फुटवे दिसतील तेव्हा मोडा, नाहीतर दोन वर्षांत खालचा खुंटच झाड होऊन बसतो.

आता खड्डा. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत खतमाती भरली की तो हौद होतो. चारी बाजूंची चिकण माती पाणी आत घेते पण बाहेर सोडत नाही, आणि जुलैच्या झडीत मुळं कुजतात. तळाला विटांचे तुकडे टाकूनही काही साधत नाही, कारण पाण्याला पुढं जायला वाटच नसते. त्यापेक्षा खड्डा ३ फूट रुंद आणि २ फूटच खोल घ्या. निघालेली माती २ भाग, मुरूम १ भाग, कुजलेलं शेणखत १ भाग असं मिसळा, त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. भरताना आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ६ ते ८ इंच उंच वरंबा होईल असं भरा आणि रोप त्यावर लावा. घराच्या भिंतीपासून ८ फूट आणि कंपाउंडपासून ६ फूट अंतर ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलं तरी चालेल. मग पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन बादल्या पाणी द्यावं लागेल. जून-जुलैत लावलेलं रोप जास्त सोशिक निघतं.

छाटणी मार्चअखेर, फुलं संपल्यावर. आडव्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, शेंड्याचं टोक सरसकट मारू नका.

प्रश्न : पॉइन्सेटिया तीन वर्षांचा आहे, डोक्याएवढा वाढलाय, पण पानं लाल होतच नाहीत. शेजारच्यांचा डिसेंबरात लालभडक असतो. खत कमी पडतंय का? (ताराबाई पार्क)

खत कमी नाही, अंधार कमी आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत झाडाच्या वरच रस्त्याचा दिवा दिसतो.

लाल दिसतात ती फुलं नसून पानं आहेत आणि ती रंगतात रात्र लांबली की. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडं रात्र १२ तासांची होते, डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांवर येतो. उघड्यावरच्या झाडाला एवढं पुरतं. मात्र अंधार सलग हवा. रात्रभर दिव्याचा उजेड पडत राहिला तर झाडाच्या लेखी उन्हाळाच चालू असतो आणि ते पानं वाढवत राहतं. शेवंतीचंही असंच आहे. फाटकाच्या दिव्याखालची शेवंती उशिरा कळी धरते, त्याचं कारण हेच.

झाड कुंडीत असेल तर आताच घराच्या मागच्या बाजूला, जिथं रात्री एकही दिवा लागत नाही अशा ठिकाणी हलवा. दिवसा तिथं किमान ५ तास ऊन हवं. जमिनीत असेल तर १ ऑक्टोबरपासून आठ आठवडे रोज संध्याकाळी ६ ते सकाळी ८ काळ्या जाड कापडानं झाका आणि सकाळी आठवणीनं काढा. एखाद दुसरी संध्याकाळ चुकली तर रंग लांबतो, आठवडाभर चुकली तर वर्ष गेलं. डोक्याएवढं झाड असं झाकणं कटकटीचं आहे हे खरं. त्यावर उपाय पुढच्या वर्षीचा. एप्रिलमध्ये सगळ्या फांद्या जमिनीपासून फूटभर ठेवून कापा, कापलेल्या तुकड्यांतून दोन-तीन कुंडीत लावा आणि नवी रोपं अंधाऱ्या बाजूला वाढवा. ऑगस्टअखेरपर्यंत महिन्यातून एकदा शेंडा खुडा, त्यानंतर हात लावू नका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार चुरचुरतं.

प्रश्न : परदेशातल्या हिवाळी बागांत पांढऱ्या खोडाचे बर्च आणि लाल काड्यांची झुडपं बघितली. पन्हाळा रस्त्याला आमचं अर्धा एकर मुरमाड रान आहे. तिथं ही झाडं येतील का? (वाचक, कोल्हापूर)

येणार नाहीत. बर्चचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात. तो हिमालयात ३००० मीटरच्या वर राहतो आणि कोल्हापूर आहे सुमारे ५५० मीटरवर. लाल काड्यांचं झुडूप म्हणजे कॉर्नस. त्यालाही कडाक्याची थंडी लागते. पण पानं गळाल्यावर उघड्या पडणाऱ्या खोडाचं सौंदर्य हवं असेल तर सह्याद्रीत त्याची वाण नाही. इथली झाडं पानं गाळतात ती थंडीनं नाही, पाणी वाचवायला. त्यामुळं मुरमाड, कोरडं रान हीच तुमची जमेची बाजू आहे.

पांढऱ्या खोडासाठी कांडोळ लावा. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं झडली की गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारं पांढुरकं खोड चांदण्यात लखलखतं. काही भागांत त्याला भुत्या म्हणतात ते उगीच नाही. औषधात आणि खाण्याच्या पदार्थांत जाणारा कराया डिंक याचाच. झाड ३० ते ४० फूट होतं, म्हणून दोन झाडांत २५ फूट अंतर ठेवा. फळांवर लव असते आणि ती अंगाला लागली की आग होते, तेव्हा बसण्याच्या जागेपासून आणि पायवाटेपासून ते लांब हवं. पाठीमागं सदाहरित झाडांची गर्द रांग असेल तर पांढरेपणा उठून दिसतो. बकुळ किंवा जांभूळ यासाठी उत्तम. नुसत्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो निम्मा हरवतो.

त्याच्या पुढं सोनसावर, म्हणजे गणेर. हे १५-२० फुटांचं आटोपशीर झाड. थंडी सरताना निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना हळदी पिवळी, वाटीएवढी फुलं येतात. कातळावर वाढणारं झाड हे. इथं लोक चुकतात ते लाड करून. शेणखताची पाटी आणि रोजचं पाणी दिलं की नुसती पानं वाढतात किंवा मूळ सडतं. दोन फुटांचा खड्डा, निघालेलाच मुरूम, त्यात दोन घमेली चांगली माती, बस. दुसऱ्या वर्षापासून दिवाळीनंतर पाणी पूर्ण बंद.

उतारावर धायटी पसरू द्या. चार ते आठ फुटांचं झुडूप, जानेवारीपासून शेंदरी लाल, बारीक नळीसारख्या फुलांनी फांदी झाकून जाते आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिथंच असतात. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य वापरतात ती धातकीची फुलं हीच. फुलं जुन्या काडीवर येतात, त्यामुळं पावसाळ्यानंतर छाटलंत तर त्या वर्षी काही दिसणार नाही. छाटणी मे महिन्यात, अंतर ५ फूट.

आणि लाल काड्यांची हौस लाल अंबाडीवर भागवा. खोड लाल, देठ लाल, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडांचे मांसल लाल दळे. वर्षायू आहे, दर साल पेरावी लागते, पण १० बाय १० फुटांच्या तुकड्यात ९ ते १२ झाडं बसतात आणि ती पाच-सहा फूट उंच होऊन दुरून लाल पट्टा दिसतो. बी जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरा, ३ फुटांवर एक रोप ठेवा. लवकर पेरलं तर झाड उगाच उंच होऊन लोळतं, कारण फुलायला ते रात्र लांबण्याचीच वाट बघतं. फूल गळाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी दळे काढले की सरबत आणि चटणी होते. निम्मे काढा, निम्मे बागेसाठी ठेवा.

प्रश्न : संक्रांत वेल पाच वर्षांचा, हिरवागार, पण संक्रांतीला एक फूल नाही. (फुलेवाडी)

तुम्ही लिहिता की दसऱ्याच्या साफसफाईत दर वर्षी वेल ‘नीट करून’ घेता. त्याच वेळी फुलं कापली जातात. हा वेल पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना फुलतो. छाटणी फेब्रुवारीअखेर, बहर संपल्यावर लगेच करा, हवी तेवढी कडक करा, आणि जुलैनंतर कात्री नको. युरियाही नको. दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं ऊन हवं. कौलांवर चढू देऊ नका, पाच वर्षांच्या वेलाचं ओझं कौलं सरकवतं.

प्रश्न : आमच्या प्लॉटला मुरमाचा उतार आहे. तिथं लॉन टिकत नाही. शोभेची उंच गवतं लावली तर थंडीत चांगली दिसतील का? साप येतील अशी घरच्यांना भीती आहे. (कळंबा)

चांगली दिसतील, आणि हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात याचं आम्हाला वाईट वाटतं. डिसेंबरात शेताकडं निघालात की उसाचे तुरे उन्हात कसे चमकतात ते तुम्ही पाहिलं असेल. तुरा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण उसाची वाढ थांबते आणि तोड लांबली तर ऊस पोकळ पडतो. पण बागेत नेमकी तीच शोभा हवी असते.

आधी जागा. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर. २० फूट उंच घराची सावली भर दुपारी उत्तरेला १६-१७ फूट पडते. म्हणून घराच्या उत्तरेला खेटून गवत लावू नका, तिथं ते पिवळं पडून लोळेल. तुरा खरा खुलतो तो प्रकाश मागून आला की. तुम्ही संध्याकाळी जिथं बसता त्याच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला गवताची रांग हवी.

उताराच्या वरच्या अंगाला वाळा लावा. पाच-सहा फूट होतो, पावसाळा संपता संपता जांभळट तुरे काढतो आणि मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जाऊन मुरूम धरून ठेवतात. उताराला आडवी रांग आखा, सहा-सहा इंचांवर दोन-तीन फुटवे एकत्र लावा. उभ्या ओळीत लावलं तर पाणी ओळींमधून माती घेऊन जाईल.

मधल्या पट्ट्यात जांभळं फाउंटन ग्रास. नर्सरीत ते याच नावानं मिळतं. तीन-चार फूट उंच, मांजराच्या शेपटीसारखे तांबूस तुरे थंडीभर टिकतात. अंतर अडीच ते तीन फूट. जवळ लावलं तर दोन वर्षांत एकच गचपण होतं. घेताना जांभळ्या पानांचंच घ्या. त्याला उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही, म्हणून ते पसरत नाही. हिरव्या पानांचा प्रकार बियांनी माळरानभर पसरतो आणि देशी गवतं दडपू शकतो. तो फुकट मिळाला तरी लावू नका.

देशी हवं असेल तर रोशा, म्हणजे तिखाडी. नोव्हेंबरनंतर पात्यांना आणि तुऱ्यांना तांबडी झाक येते, हात लावला की वास येतो आणि जनावर सहसा तोंड लावत नाही. बांधावरचं मारवेलही दोन-तीन फुटांचं सुबक गवत आहे, पण ते काळ्या मातीत जास्त खुलतं. कुसळी नको. तिची कुसळं कपड्यांतून आणि कुत्र्याच्या कातडीतून आत शिरतात. नदीकाठचा काश तर मुळीच नको, जमिनीखालच्या खोडांनी तो शेजाऱ्याच्या अंगणात जातो. त्याचे तुरे कापून फुलदाणीत ठेवा. ऑनलाइन विकलं जाणारं निळ्या पंपास गवताचं बीही घेऊ नका. निळा पंपास निसर्गात नाही, वाळवलेल्या तुऱ्यांना तो रंग दिलेला असतो.

लावणी पाऊस बसल्यावर, जूनअखेर ते जुलै. फूटभर खड्डा, त्यात पाऊण घमेलं मुरूम-माती आणि पाव घमेलं शेणखत. नंतर रासायनिक नत्र देऊ नका, जास्त पोसलेला ऊस लोळतो तसंच गवतही लोळतं. पहिल्या थंडीत दहा-बारा दिवसांनी एक पाणी पुरे.

कापणी महाशिवरात्रीच्या सुमारास, जमिनीपासून ४ ते ६ इंचांवर. डिसेंबरातच ‘वाळलंय’ म्हणून कापलं तर सगळी मेहनत वाया. तुऱ्यांचं बी मुनिया खातात आणि पाती घरट्याला नेतात. उलट मार्च उलटून गेल्यावर कापलं तर आत आलेले नवे कोंब छाटले जातात. शिवाय शेजारच्या शेतात पाचट पेटवलं की ठिणगी वाळल्या गवतात येऊन पडते, म्हणून कुंपणालगत सहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. कापलेलं गवत जाळू नका, तुकडे करून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन घाला.

सापांबद्दल. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो आणि दगडांच्या ढिगात, विटांच्या चळतीत राहतो. गवताचे ठोंब सुटे ठेवा, मधली जमीन दिसू द्या, दारापासून आणि पायवाटेपासून एक मीटर जागा मोकळी सोडा, अडगळ हलवा. कापणीच्या वेळी आधी काठीनं ठोंब हलवून घ्या आणि पायात गमबूट घाला.

प्रश्न : सोसायटीच्या आवारातल्या सप्तपर्णीच्या वासानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोकं धरतं. झाड काढता येईल का? (नागाळा पार्क)

परस्पर नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागाकडं अर्ज करा आणि फांद्या कमी करायच्या असतील तरी आधी त्यांनाच विचारा. फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, तेव्हा बहर संपल्यावर जानेवारीत खिडकीच्या बाजूची हलकी छाटणी करून पुढच्या वर्षी थोडा फरक पडतो. वास संध्याकाळनंतर वाढतो, त्या आठवड्यांत त्या बाजूच्या खिडक्या दिवेलागणीला लावून घ्या. नवीन लावणाऱ्यांनी झोपायच्या खोलीपासून ५० फुटांच्या आत सप्तपर्णी लावू नये.

प्रश्न : कंपाउंडलगत ३० फूट लांबीचं कुंपण हवंय, थंडीत फुलणारं आणि रोज पाणी न मागणारं. कुंती कशी? (उजळाईवाडी)

कुंती सुगंधी आहे आणि तिची शेंदरी-लाल फळं बुलबुलांना आवडतात, पण तुम्हाला चौकोनी कापलेलं कुंपण हवंय. दर महिन्याला कापलेल्या कुंतीला ना फूल येत ना फळ. तुमच्याकडं लिंबाची झाडं आहेत असंही लिहिलंय. लिंबावर येणारी सायला कीड कुंतीवरही वाढते, तेव्हा दोन्ही जवळ नकोत.

कोरांटी लावा. निळी-जांभळी घेतलीत तर काटे टोचत नाहीत, पिवळी काटेरी आहे आणि जनावर अडवते. दोन्ही सप्टेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत फुलतात. पेन्सिलीएवढ्या जाड, सहा इंची काड्या जूनमध्ये लावा, निम्मी काडी मातीत. दीड फुटावर एक, अशा दोन ओळी नागमोडी, दोन ओळींच्या मध्ये एक फूट. ३० फुटांना साधारण ४० रोपं लागतील, काड्या ६० लावा म्हणजे मर धरूनही पुरतील. फेब्रुवारीत फूटभर उंचीवर कापा, जूनमध्ये शेंडे खुडा, ऑगस्टनंतर काही नाही. दुसऱ्या वर्षापासून थंडीत दहा दिवसांनी एक पाणी पुरतं.

प्रश्न : थंडीत लॉन पिवळं पडतं. युरिया मारू का? (रुईकर कॉलनी)

नको. आपली लॉनची गवतं उष्ण हवामानाची आहेत, थंडीत त्यांची वाढ मंदावते. जबरदस्तीनं पोसलेल्या कोवळ्या पात्यांवर बुरशी लवकर येते. गवत कापायचं यंत्र वरच्या खाचेवर लावून दीड-दोन इंच उंची ठेवा, पाणी सकाळी द्या. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता, काळ्या चुनखडीच्या मातीत ती नेहमीचीच. फेरस सल्फेट ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

प्रश्न : दक्षिणेकडं तोंड असलेल्या गॅलरीत कुंडीत बोगनवेल आहे. रोज पाणी घालते, पानं भरपूर, फुलं नाहीत. (शाहूपुरी)

ताई, रोजचं पाणीच आड येतंय. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी तोडायला सुरुवात करा. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरी लगेच पाणी नको. पानं किंचित मलूल झाली की मगच कुंडीखालून निघेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि पुन्हा थांबा. असे तीन-चार फेरे झाले की कळ्या दिसतात. कळ्या आल्यावर मात्र ताण देऊ नका, त्या गळतात. तेव्हापासून दोन-तीन दिवसांनी पाणी. १२ इंचांपेक्षा मोठी कुंडी घेऊ नका, मुळं कुंडीत घट्ट बसली की बोगनवेल जास्त फुलते. लांब गेलेल्या काड्यांचे शेंडे आत्ता, सप्टेंबरातच एकदा मारा. गणपतीनंतर कात्री ठेवायचा आमचा नियम इथं लागू नाही, कारण बोगनवेल नव्या फुटीवर फुलते आणि तिला पुढचे दोन महिने हाताशी आहेत.

आणि कुंडी कठड्याच्या आत ठेवा. दक्षिणेचं तिरपं ऊन डिसेंबरात गॅलरीत चार-पाच फूट आतपर्यंत येतं, मे महिन्यात येत नाही तेवढं.